कागद कुणाच्या हातात?

(परदेशी नोकरीसाठी जाणाऱ्या मुलींच्या प्रश्नांवर महिला गटांच्या कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेलं भाषण, थोडं संक्षिप्त करून.)

तुमच्या बैठकांना मी येते ती मागच्या सतरंजीवर बसून ऐकायला. आज पुढे उभं केलंत, म्हणून आधीच सांगते की मला भाषणाची सवय नाही. मी वीज-अभियंता आहे. पॉवर सिस्टीम्स हा माझा विषय. वीज तयार होते तिथपासून तुमच्या गावच्या उपकेंद्रापर्यंत ती न अडखळता कशी पोचेल, कुठे बिघाड झालाच तर तेवढाच भाग बाजूला कसा पडेल, याचं गणित आम्ही मांडतो. पुण्यात सात वर्षं आणि इंग्लंडात चार वर्षं मी हेच काम केलं.

परदेशात या कामाची नोकरी किंवा इंटर्नशिप कशी मिळते, व्हिसा कसा होतो, यावर बोल, असं तुम्ही सांगितलंत. हा चळवळीचा विषय कसा, असं काहीजणींना वाटलं असेल. मलाही वाटलं होतं. पण परत आल्यावर तुमच्याच सल्ला केंद्रात मला दोन मुली भेटल्या. दोघीही इलेक्ट्रिकल इंजिनिअर.

पहिली तालुक्याच्या गावची. वडिलांनी अर्धा एकर विकून एजंटाला पैसे दिले. ‘व्हिसा स्पॉन्सरशिपसह नोकरीचं पत्र’ आलं, त्यावर शिक्का होता, सही होती. फक्त त्या नावाची कंपनीच नव्हती. दुसरी लग्न होऊन अमेरिकेला गेली. नवऱ्याच्या व्हिसावर जाणारी बायको म्हणून. तिला तिथे काम करायची परवानगी नव्हती. तीन वर्षांनी एक बॅग घेऊन परत आली. मला म्हणाली, “ताई, लोड फ्लो म्हणजे काय ते अजून आठवतंय, पण मुलाखतीला काय सांगू? तीन वर्षं काय केलं म्हणून सांगू?”

दोघींचं दुःख वेगळं, पण मूळ एकच. परक्या देशात राहायचा हक्क ज्या कागदानं मिळतो, तो कागद दुसऱ्याच्या हातात होता. आज मला याच कागदाबद्दल बोलायचं आहे.

विजेच्या धंद्यात बायका नव्या नाहीत. ए. ललिता यांचं नाव तुमच्यापैकी किती जणींनी ऐकलंय? जन्म १९१९. पंधराव्या वर्षी लग्न झालं, अठराव्या वर्षी वैधव्य आलं आणि पदरी चार महिन्यांची मुलगी होती. मद्रासच्या गिंडी कॉलेजातून त्यांनी इलेक्ट्रिकलची पदवी घेतली. त्या काळी प्रमाणपत्रावर ‘तो’ असंच छापलेलं असे, ते खोडून ‘ती’ करावं लागलं. पुढे कलकत्त्याला एका कंपनीत त्यांनी पारेषण वाहिन्या आणि उपकेंद्रांचे आराखडे केले, भाक्रा-नांगलच्या कामातही त्यांचा हात होता. १९६४ साली न्यूयॉर्कला स्त्री अभियंत्या आणि शास्त्रज्ञांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद झाली, तिला त्या गेल्या होत्या.

दुसरी बाई अमेरिकेची, एडिथ क्लार्क. १९१९ साली एमआयटीतून इलेक्ट्रिकलची पदव्युत्तर पदवी घेतली, पण इंजिनिअर म्हणून तिला कुणी घेईना. जनरल इलेक्ट्रिकमध्ये आकडेमोड करणाऱ्या बायकांवर देखरेख करायचं काम मिळालं. कंटाळून ती १९२१ साली थेट कॉन्स्टँटिनोपलला मुलींच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायला निघून गेली. वर्षभरानं त्याच कंपनीनं तिला इंजिनिअर म्हणून परत बोलावलं. तिच्या नावाचं समीकरण आजही आम्ही रोज वापरतो. दाराला आतून कडी लावलेली असली की बाई लांबच्या वाटेनं जाते आणि मग तेच दार उघडतं, असं मला तिची गोष्ट वाचताना वाटतं.

आता आजची स्थिती. वीज-प्रणालीच्या अभियंत्यांना जगात मागणी का आहे? ब्रिटननं ३० सप्टेंबर २०२४ ला आपलं शेवटचं कोळशाचं वीजकेंद्र बंद केलं. कोळशाच्या केंद्रात शेकडो टनांचं जड चक्र फिरत असतं. कुठे धक्का बसला तर त्याच्या वेगामुळे जाळं काही क्षण तग धरतं. वारा आणि सूर्य यांच्या विजेला असं जड चक्र नाही. ती इन्व्हर्टरमधून येते. म्हणून सगळ्या जाळ्याचं गणित नव्यानं करावं लागतं. जाळं कोसळलं तर काय होतं, ते २८ एप्रिल २०२५ ला स्पेन आणि पोर्तुगालनं पाहिलं. दोन्ही देश काही तास अंधारात होते. आपण ते जुलै २०१२ मध्ये अनुभवलं आहे.

म्हणून मुलींना मी सांगते, आपल्याकडचं काम कमी समजू नका. ब्रिटनमध्ये सर्वांत उंच दाब ४०० किलोव्होल्ट, आपल्याकडे ७६५. डिसेंबर २०१३ पासून सगळा भारत एका लयीत चालणारं एकच जाळं आहे. मुलाखतीत हे सांगता आलं पाहिजे. मला विचारलं गेलं होतं, “इतक्या मोठ्या जाळ्यात रिलेंचा ताळमेळ कसा घालता?” मी पाऊण तास बोलले. नोकरी तिथेच मिळाली.

पण एक गोष्ट आड येते. मुलींना साईटवर पाठवत नाहीत. माझ्याही पहिल्या कंपनीत, “तू ऑफिसातच बस, रिपोर्ट छान लिहितेस” असं म्हणत. काळजीच्या नावाखाली अनुभवच नाकारला जातो आणि परदेशी कंपनी पहिला प्रश्न विचारते तो साईटचा. दोन वर्षं भांडून मी उपकेंद्र चालू करायच्या कामावर गेले. तुमच्याकडे मुली आल्या तर त्यांना हे भांडण आधी भांडायला सांगा.

महागडी सॉफ्टवेअर हाताशी नाहीत म्हणूनही मुली मागे राहतात. पॉवरफॅक्टरी, पीएसएस-ई यांचे परवाने छोट्या कॉलेजला परवडत नाहीत. पण जर्मनीत तयार झालेलं पँडापॉवर आणि अमेरिकेतलं ओपन-डीएसएस फुकट मिळतं. शिकण्यासाठी तयार केलेलं एकोणचाळीस बसचं नमुना-जाळं सगळ्या जगात ओळखीचं आहे. त्यावर एका मुलीनं भारप्रवाह, शॉर्ट सर्किट आणि एक वाहिनी तुटल्यावर काय होतं हे तीन अभ्यास करून दहा पानं नीट लिहिली, तर ते पाच प्रमाणपत्रांपेक्षा जड ठरतं.

आता व्हिसाकडे येते.

‘स्पॉन्सरशिप’ हा शब्द ऐकला की आपल्याला वाटतं कुणी पैसे देणार. तसं नाही. मालक तिथल्या सरकारला लेखी सांगतो की या बाईला मी या पदावर, या पगारावर ठेवतो आहे. त्या लेखावर तुमचा राहण्याचा हक्क उभा असतो.

ब्रिटनमध्ये असा परवाना असलेल्या मालकांची यादी सरकार जाहीर करतं. कुणालाही फुकट पाहता येते. मी तीन रात्री ती यादी चाळून वीज क्षेत्रातल्या कंपन्या वेगळ्या काढल्या आणि त्यांनाच अर्ज केले. साठाच्या वर अर्ज, चार मुलाखती, एक नोकरी. हे प्रमाण मुलींना सांगायला हवं, नाहीतर विसाव्या नकाराला त्या खचतात. सर्वसाधारण अनुभवी कर्मचाऱ्यासाठी पगाराची किमान अट जुलै २०२५ पासून वर्षाला ४१,७०० पौंड केली गेली. त्या त्या कामाचा वेगळा दरही पाहावा लागतो. नवशिक्यांना काही सवलत आहे.

जर्मनीत ब्लू कार्ड आहे. तुमच्या विद्यापीठाची पदवी तिथे मानतात का, ते अनाबिन नावाच्या जाहीर सूचीत पाहता येतं. पहिल्या बारा महिन्यांत नोकरी बदलली तर तिथल्या कार्यालयाला कळवावं लागतं, पुढे मोकळीक. पण उपकेंद्रावर बोलतात ती जर्मन. भाषा शिकल्याशिवाय जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

अमेरिकेत बहुतेक मुली शिकायला जाऊन मग नोकरीत शिरतात. एक शैक्षणिक वर्ष झाल्यावर अभ्यासक्रमाचा भाग म्हणून इंटर्नशिप करता येते. पदवीनंतर बारा महिने आणि इंजिनिअरिंगसाठी आणखी चोवीस महिने काम करता येतं. पुढे एच-१बी. त्याच्या वर्षाला ६५,००० जागा आणि तिथली पदव्युत्तर पदवी असलेल्यांसाठी आणखी २०,०००. अर्ज कितीतरी जास्त, म्हणून निवड सोडतीनं. शिवाय सप्टेंबर २०२५ च्या अध्यक्षीय आदेशानं देशाबाहेरून नव्यानं आणायच्या माणसामागे मालकावर एक लाख डॉलरचा भार टाकला. कर्ज काढून जाणाऱ्या मुलीनं या अटी समोर ठेवूनच हिशोब करावा.

कुणा एका मालकाला बांधून न घेणाऱ्याही काही वाटा आहेत आणि त्या मुलींना माहीत नसतात. ब्रिटन १८ ते ३० वयाच्या भारतीय पदवीधरांसाठी २०२३ पासून सोडतीनं दोन वर्षांचा व्हिसा देतं. सोडतीत नाव घालायला पैसे पडत नाहीत. मात्र नंबर लागला तर व्हिसाची फी भरावी लागते आणि २,५३० पौंडांची शिल्लक दाखवावी लागते. जर्मनीनं जून २०२४ मध्ये ‘संधी कार्ड’ आणलं. वर्षभर तिथे राहून नोकरी शोधता येते, आठवड्याला वीस तास काम करता येतं. पण वर्षाच्या खर्चाची तजवीज आधी दाखवावी लागते. ऑस्ट्रेलियानं डिसेंबर २०२४ मध्ये तरुण भारतीय पदवीधरांसाठी अशीच योजना सुरू केली, त्यात अभियांत्रिकी आणि अपारंपरिक ऊर्जा आहे. पण अट अशी की पदवी देशाच्या क्रमवारीतल्या पहिल्या शंभर संस्थांपैकी एकीची हवी. म्हणजे तालुक्याच्या कॉलेजातली मुलगी तिथेच गळली. २०२४-२५ पासून आपल्या राज्यानं आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ठरावीक प्रवर्गांतल्या मुलींची व्यावसायिक शिक्षणाची फी माफ केली. चांगलं झालं. पण फी माफ झाली म्हणून पुढची दारं आपोआप उघडत नाहीत, हे लक्षात ठेवा.

विद्यार्थिनी असताना इंटर्नशिप हवी असेल तर आयेस्ट ही १९४८ पासून तांत्रिक विद्यार्थ्यांची देवाणघेवाण करणारी संस्था आहे. प्राध्यापकांना सरळ पत्र लिहून जागा मिळवलेल्या मुलीही मी पाहिल्या आहेत. पत्र एका पानाचं असावं, त्यांचा एक शोधनिबंध वाचून त्यावर एक प्रश्न विचारलेला असावा.

आणि पैसे? खरी कंपनी नोकरी देण्यासाठी पैसे मागत नाही. ब्रिटनमध्ये परवान्याचा आणि स्पॉन्सरशिपच्या दाखल्याचा खर्च मालकानं कर्मचाऱ्याकडून वसूल करायचा नाही, असा नियम आहे. व्हिसाची फी, आरोग्याचा अधिभार हे मात्र बहुधा आपल्याला भरावं लागतं. कंपनीनं ते भरलं असेल तर ‘लवकर सोडलंस तर परत दे’ असं कलम करारात असतं. ते शोधून वाचा. आपल्याकडे १९८३ च्या कायद्यानं परदेशी नोकरी लावणाऱ्या एजंटाला सरकारी नोंदणी बंधनकारक केली, त्याच्या शुल्कावर तीस हजार रुपये अधिक कर अशी मर्यादा घातली गेली. नोंदणी क्रमांक ‘ई-मायग्रेट’वर ताडून पाहता येतो. ती अर्धा एकर विकलेली मुलगी म्हणाली, “आम्ही त्याचं ऑफिस पाहिलं, एसी होता.” तिच्या अण्णांना कुणी हा क्रमांक विचारायला सांगितलंच नव्हतं.

आता माझं स्वतःचं सांगते. हे मी आजवर चारचौघांत बोललेले नाही.

माझी तिथली पहिली कंपनी छोटी होती. वाऱ्याच्या वीजकेंद्रांची जाळ्याशी जोडणी करण्याचे अभ्यास आम्ही करत असू. काम सुंदर होतं. माझा वरिष्ठ हुशार होता, मला शिकवायचा. आठ महिन्यांनी साईटवरून परत येताना गाडीत त्यानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मी हात काढला. त्यानं गाडी चालवता चालवता शांतपणे विचारलं, “तुझा व्हिसा आमच्याकडूनच आहे ना?” बस, एवढंच. आवाजसुद्धा चढवला नाही.

मैत्रिणींनो, मी पुण्यात रिक्षावाल्याशी भांडणारी बाई. तुमच्या मोर्चांत घोषणा दिलेली. पण सात महिने मी गप्प बसले. नोकरी गेली तर साधारण साठ दिवसांत दुसरा स्पॉन्सर शोधा नाहीतर देश सोडा, हा नियम मला पाठ होता. घरी हप्ते जात होते. आईला फोनवर “सगळं छान” म्हणायची. साईटला जायचं टाळायला लागले, म्हणजे ज्यासाठी दोन वर्षं भांडले होते तेच स्वतःच्या हातानं सोडलं.

माझ्या घरात एक मल्याळी नर्स भाड्यानं राहायची. तिला एका रात्री सगळं सांगितलं. ती म्हणाली, “तुझा व्हिसा त्याच्या खिशात नाही. दुसरा मालक शोध, दाखला घे, अर्ज कर. मंजूर होईपर्यंत ही नोकरी सोडू नको.” तिनं स्वतः हे दोनदा केलं होतं. मी पुन्हा ती यादी काढली. चार महिन्यांत मोठ्या कंपनीत काम मिळालं, पगारही वाढला. जाताना मी सगळं लिहून कंपनीला दिलं. पण न्यायाधिकरणाकडे जायची मुदत तेव्हा तीन महिन्यांची होती. ती माझ्या गप्प बसण्यात निघून गेली होती. तो माणूस बहुधा अजून तिथेच आहे. माझ्यानंतर तिथे कोण मुलगी आली असेल, हा विचार मला सोडत नाही.

हे सांगितलं ते ‘परदेशी जाऊ नका’ म्हणायला नव्हे. इथेही असे वरिष्ठ आहेत. फरक एवढाच की इथे राजीनामा फेकून मी आईच्या घरी जाऊ शकत होते. तिथे घर, देश आणि नोकरी एकाच कागदाला बांधलेलं होतं. आणि नवऱ्याच्या व्हिसावर जाणाऱ्या मुलीचं तर लग्नही त्याच कागदाला बांधलेलं असतं. अमेरिकेत २०१५ पासून अशा काही बायकांना काम-परवाना मिळू लागला, पण नवऱ्याचा ग्रीन कार्डचा अर्ज ठरावीक टप्प्यापर्यंत गेला असेल तरच. नवरा छळत असेल तर तिला स्वतंत्रपणे काम-परवाना मागता येतो, हे मात्र फार थोड्या जणींना ठाऊक आहे. ब्रिटनमध्ये साऊथॉल ब्लॅक सिस्टर्ससारख्या गटांनी वर्षानुवर्षं झगडून अशा बायकांचा प्रश्न लावून धरला. फेब्रुवारी २०२४ पासून तिथे नोकरदारांच्या आणि विद्यार्थ्यांच्या छळ झालेल्या जोडीदारांनाही तीन महिन्यांची तात्पुरती मुभा मागता येऊ लागली. ही बायकांच्या चळवळीनं मिळवलेली गोष्ट आहे.

तर आपल्या गटांनी काय करायचं? माझ्या चार सूचना आहेत.

एक. पासपोर्ट मुलीचा स्वतःचा हवा, तोही लवकर. सज्ञान मुलीला वडिलांची किंवा नवऱ्याची परवानगी लागत नाही. डिसेंबर २०१६ च्या नियमांनंतर लग्नाचा दाखलाही सक्तीचा नाही आणि आईवडिलांपैकी एकाचंच नाव दिलं तरी चालतं. अशा मुलींना फॉर्म भरून द्यायचं काम आपण शनिवारी दोन तास करू शकतो.

दोन. लग्न करून जाणाऱ्या शिकलेल्या मुलीला विचारा, “तू कुठल्या व्हिसावर जातेस? त्यावर तुला काम करता येतं का?” साखरपुड्याआधी विचारा. मानपान, हॉल, दागिने यांची चर्चा होते, पण हा प्रश्न कुणी विचारत नाही. ब्रिटनमध्ये अभियंता म्हणून गेलेल्या माणसाच्या जोडीदाराला काम करता येतं, जर्मनीत ब्लू कार्डवाल्याच्याही. देश निवडताना याचा विचार व्हावा.

तीन. जाणाऱ्या प्रत्येकीकडे कागदांचे दोन संच हवेत, एक तिच्याकडे, दुसरा इथे विश्वासाच्या बाईकडे. करार, दाखला, पासपोर्टची प्रत, पगारपत्रकं. पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे. मालकानं किंवा सासूनं ‘सांभाळून ठेवायची’ वस्तू ती नव्हे. परदेशात नवऱ्यानं टाकलेल्या बायकांसाठी राष्ट्रीय महिला आयोगात २००९ साली वेगळा कक्ष झाला, तोही माहीत असावा.

चार. गेलेल्या मुलीला दर महिन्याला एक फोन करा आणि “पगार किती” याऐवजी “वरिष्ठ कसा आहे, साईटला जातेस का, कुणाशी बोलतेस” असं विचारा. मला सात महिन्यांत हे कुणी विचारलं असतं, तर ते सात महिने सात दिवसांचे झाले असते.

ती अमेरिकेहून परत आलेली मुलगी सध्या माझ्या घरी रविवारी येते. आम्ही जुन्या संगणकावर ते एकोणचाळीस बसचं जाळं मांडलंय. गेल्या रविवारी एक वाहिनी तोडल्यावर दुसऱ्या वाहिनीवरचा भार कुठे जातो, ते तिनं न चुकता काढलं. मुलाखतीला तीन वर्षांचं काय सांगायचं, तेही आम्ही ठरवलं आहे. ‘मला काम करायची परवानगी नव्हती’ एवढंच, मान खाली न घालता. आता ती अर्ज करते आहे, पुण्यातही आणि जर्मनीतही. जर्मनचा वर्गही लावलाय. या वेळी अर्जावर नाव तिचं आहे आणि पासपोर्ट तिच्या कपाटात आहे.

तुमच्या केंद्रात अशी दुसरी कुणी आली, तर तिलाही रविवारी माझ्याकडे पाठवा. चहा मी करीन.